गंज गोळा करायला पनवेलला

आमच्या नागपूरकडे गंज म्हणजे भांडं. उभं, रुंद तोंडाचं, दूध तापवायला नाहीतर वरणाची डाळ शिजवायला. त्यामुळे "माझी पोरगी गंजावर पीएचडी करते" असं आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हा काकूंनी अगदी मनापासून विचारलं, "स्टीलच्या का जर्मनच्या?" जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. आईने मग जरा तोऱ्यात सांगितलं, की हा लोखंडाला चढतो तो गंज, आणि तीन विद्यापीठं मिळून ही पदवी देणार आहेत. एक आपलं नागपूरचं, एक पोलंडचं.

"अन् तिसरं?"

"पनवेलचं."

काकूंचा चेहरा पडला. "पनवेल? ते तर मुंबईला जाताना लागते न?"

काकूंचं काही चुकलं नाही. पनवेल लागतंच. गाडी थांबते, लोक उतरून पाय मोकळे करतात, चहा पितात, पुन्हा चढतात आणि झोपतात. पनवेल माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात मिळायचा नाही आणि पनवेलला राहून आलेला माणूस आमच्या गल्लीत तरी नाही. मी यंदा दसऱ्यानंतर पाच आठवडे तिथे राहिले. ज्यांनी पनवेल फक्त खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. धातुशास्त्र, बांधकामशास्त्र आणि रसायन अशा तीन शाखांच्या सांध्यावरचा माझा विषय. खाऱ्या हवेत आणि कारखान्यांच्या हवेत लोखंड कसं गंजतं हा प्रश्न. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी दोन दिवसांसाठी पनवेलला येऊन तीन ठिकाणी तिरक्या चौकटी उभ्या केल्या होत्या आणि प्रत्येकीवर हाताच्या पंजाएवढ्या साध्या पोलादाच्या पट्ट्या टांगल्या होत्या. एक चौकट तळोज्याला कारखान्यांमध्ये, एक नेऱ्याला डोंगराखाली, एक खाडीकाठच्या गावात. वर्षभर त्या आपोआप गंजायच्या आणि मी येऊन तो गंज जसाच्या तसा सोडवून न्यायचा. तिन्ही ठिकाणचा गंज हाती लागला तर जानेवारीत पोलंडला जायचं, तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर बघायचे. एका ठिकाणचा जरी नाही मिळाला तरी माझी पोलंडची पाळी पुढच्या मुलाकडे जाणार आणि माझं एक वर्ष वाढणार. एवढी साधी गोष्ट होती.

पनवेल गावात

खोली मिळाली ती मोहल्ल्यात, इक्बालचाचांच्या हार्डवेअरच्या दुकानावर. चाचा कोकणी मुसलमान, उमेदीची वर्षं कुवेतला घालवून आलेले. मी काय करते हे ऐकल्यावर ते इतके हसले की त्यांचा चष्मा गल्ल्यात पडला.

"बेटा, गंज बघायला एवढ्या लांबून आलीस? अगं, माझ्या दुकानात येऊन बस. इथे सगळे त्याचीच तक्रार घेऊन येतात."

मी खरंच दोन संध्याकाळी बसले. आमच्याकडे बिजागरी घेणारा आधी भाव विचारतो. इथे गिऱ्हाईक बिजागरी हातात घेऊन विचारतं, "किती पावसाळे काढील?" चाचा गंभीरपणे आकडा सांगतात आणि गिऱ्हाईक त्यातून एक वजा करून विकत घेतं. आमच्या आजोबांची लोखंडी पेटी माझ्या आठवणीत आहे तशीच आहे, काळीशार. आमच्याकडे ऊन माणसाला खातं, इथे हवा लोखंडाला खाते.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या सकाळीच माझी फजिती झाली. हॉटेलात पोहे मागवले, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. मी सवयीने म्हटलं, "तर्री?" मालक माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मिसळीचा रस्सा वाटीत आणून दिला आणि मी तो पोह्यांवर ओतल्यावर बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी खाणं थांबवलं. पाचव्या दिवशी मात्र त्यातला एकजण तसंच ओतून खाताना दिसला. नागपूरची एवढी तरी सेवा माझ्या हातून झाली.

तळोजा

तळोज्याला मला मॅडम घेऊन गेल्या. मॅडम म्हणजे माझ्या पनवेलच्या मार्गदर्शक, बांधकामाच्या बाजूच्या. स्लॅबला तडा दिसला की चालत्या रिक्षातून उतरणाऱ्या बाई. गंज म्हटलं की त्यांना फुगलेली सळई आणि फुटलेलं काँक्रीट दिसतं. नागपूरच्या सरांना तो धातूचा आजार वाटतो. पोलंडचे प्राध्यापक रसायनवाले, त्यांना गंज म्हणजे स्फटिकांचा खजिना. लग्न ठरवताना आत्या, मावशी आणि काकू एकाच मुलीला बघतात तसे हे तिघे माझ्या पट्ट्यांकडे बघतात.

कारखान्यांच्या रांगेतल्या एका शेडवर आमची चौकट होती. हवेला आंबूस, घशाला लागणारा वास. मी पहारेकऱ्याला विचारलं, वास कशाचा? तो म्हणाला, "आमचा नाही, शेजारचा." परत येताना शेजारच्या फाटकाशी सहज विचारलं. तिथल्याने आम्ही आलो त्या शेडकडेच बोट दाखवलं. समोरच्या नव्या इमारतींच्या खिडक्या मात्र भर दुपारी बंद होत्या.

पट्ट्या भयंकर खाल्ल्या गेल्या होत्या. पापुद्रे सुटलेले, कडा कुरतडलेल्या. मी हातमोजे घालून एकेक सोडवली आणि पिशवीत बंद केली. लोखंडाचे हे हाल बघून मला झालेला आनंद पहारेकऱ्याला काही कळेना. "खराब झाल्या ना, ताई?" तो हळहळून म्हणाला. "छान खराब झाल्यात," मी म्हटलं. वर्षभर तो त्यांना मोबाईलचा अँटेना समजत होता.

नेरे

नेऱ्याचा रस्ता सुरेख आहे. शहर मागे पडतं, भातं पिवळी होऊ लागलेली, समोर डोंगर. एका फार्महाऊसच्या आवारात आमची दुसरी चौकट. तिथे राखणीला असलेल्या दादांनी मला बघताच तक्रार केली.

"ताई, तुमच्या पट्ट्या आधी कामाच्या होत्या, आता नाही. पहिले दोन महिने चमकायच्या, वानरं बिचकायची. आता लाल पडल्या, त्यांच्यावर बसून पेरू खातात. नवीन लावा."

त्यांची समजूत होती की ही वानरं पळवायची सरकारी योजना आहे. मी खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी खात्री करून घेतली. "म्हणजे लोखंड खराब व्हायची वाट बघायची आणि मग मोठ्या शाळेत नेऊन दाखवायचं?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. त्यांच्या बायकोने वालाचं बिरडं आणि भात वाढला. आमच्याकडचे वाल आणि हे वाल यांचं नावापुरतंच नातं आहे. सोललेले, मोड आलेले, किंचित कडवट आणि गुळाने सावरलेले. मी तिसऱ्यांदा घेतलं आणि लाजलेही नाही.

इथला गंज सभ्य होता, सगळीकडे सारखा, विटेच्या रंगाचा. वानरांच्या बुडाखाली थोडा घासलेला, पण चालण्यासारखा. दोन ठिकाणं झाली. आता राहिली खाडी, आणि खरा जीव तिथेच अडकला होता. खाऱ्या वाऱ्याचा गंज मिळाला नाही तर बाकी दोन्हींना अर्थ नव्हता.

खाडीकाठी

उरणच्या वाटेवर, भल्यामोठ्या रुंद रस्त्यावरून आत वळलं की हे गाव. एकेकाळी मिठागरं आणि भातशेती. आता जमिनी गेल्या, त्यांच्या जागी बंगले आले. काही रंगीबेरंगी, काही अर्धवट. चौकट भागीमावशींच्या गच्चीवर होती. मावशी साठीच्या, आगरी, आवाज थेट खाडीपलीकडे पोचेल असा. गेल्या वर्षी मॅडमच्या ओळखीने त्यांनी गच्ची दिली होती आणि निघताना मी त्यांचे हात धरून म्हटलं होतं, "मावशी, एवढ्या पट्ट्या जपा हं." "जिवापाड जपतंय," त्या म्हणाल्या होत्या.

जिना चढतानाच माझ्या डोळ्यांवर काहीतरी चमकलं.

चौकटीला झेंडूची वाळकी माळ होती. प्रत्येक पट्टीवर हळदीकुंकवाची बोटं. आणि त्यांच्या खाली पट्ट्या लखलखत होत्या, दुकानातून आत्ता आणल्यासारख्या. मी एक हातात घेतली, हातमोज्याची शुद्धच राहिली नाही. बोटांना खोबरेल लागलं.

"बग, नव्यावानी केल्या!" मावशी मागून धापा टाकत वर आल्या. "दसऱ्याला आमी समदी हत्यारं पुजतो. कोयती, विळी, पोराची रिक्षा. मी बोलली, तिच्या शिकनीची हत्यारं हायत, ती कशी सोरायची? चिच लावून, राख लावून घासली बग."

मी तिथेच तापलेल्या गच्चीवर बसले. मावशींना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी मला खाली नेलं, कोकमाचं सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं आणि ताटही वाढलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी नागपूरची, माशाच्या काट्याशी माझी ओळख नाही. मावशी शेजारी बसून काटा काढून देत होत्या आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्याचं कारण बोंबील नव्हता.

"काय चुकला का माजा?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मला पट्टी नको होती, तिच्यावरचा गंजच हवा होता. वर्षभराचा. मावशींच्या हातातला काटा हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "तू तर बोलली, जपा."

बोललेच होते. लोखंड जपायचं म्हणजे पुसायचं, तेल लावायचं, पूजा करायची. मिठागरावरच्या घरात आणखी कसं जपतात? माझ्या डोक्यात 'जपा' म्हणजे 'हात लावू नका' होतं आणि ते तोंडातून बाहेर आलंच नव्हतं.

तरी एक आशा होती. प्रयोगशाळेतही शेवटी आम्ही काही पट्ट्यांवरचा गंज काढतोच. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे हवेने किती लोखंड खाल्लं त्याचा हिशोब. मावशींनी फक्त दसऱ्याला, एकदाच घासलं असेल, तर गंज गेला तरी वजन वाचत होतं. त्यावर पोलंडवाले कदाचित राजी झाले असते. मी विचारलं, "मावशी, एकदाच ना? फक्त दसऱ्याला?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. शाळा फारशी नसेल, पण माणूस कोणतं उत्तर मागतोय हे त्यांना लगेच कळलं.

"तुला काय पायजे त्ये सांग पोरी. तसा बोलतंय. तुज्या सरांना फोन लाव, त्यांना पन सांगतंय. एकदाच लावला हात."

खोटं बोलायला इतक्या मायेने कोणी तयार झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर क्षणभर मला ते हवं होतं. जानेवारी, पोलंडचा बर्फ, आईचा तोरा, सगळं त्या एका वाक्यात बसत होतं. पण वजनाचा आकडा खोट्यावर टेकला की त्यावर रचलेलं सगळं माझ्याच डोक्यावर पडणार हे मला ठाऊक होतं, आणि मावशींना माझ्यासाठी खोटं बोलायला लावायची मला लाजही वाटली.

"खरं सांगा," मी म्हटलं.

"दर आवसंला तेलाचा हात फिरवला," त्या खाली बघत म्हणाल्या. "दसऱ्याला घासल्या. पावसात तर दोनदा काडून घरात पन ठेवल्या, भिजतील म्हून."

संपलं. मी ताट तसंच ठेवून उठले. नीट निरोपही घेतला नाही. परतीच्या टमटममध्ये मी चक्क रडले. शेजारच्या कोळणीने आपली टोपली सरकवून मला जागा दिली.

तीन मार्गदर्शक

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या शेजारी आणि बाकीचे दोघे पडद्यावर, असे तिघे जमले. मी सगळं सांगितलं, अमावास्येसकट. नागपूरचे सर चष्मा पुसू लागले. ते रागावले की हेच करतात. मॅडमना हसू आवरेना. त्यांनी माफी मागितली आणि पुन्हा हसल्या. पोलंडचे प्राध्यापक मात्र पुढे वाकून विचारत होते: कोणतं तेल? किती? पाऊस येण्याआधी की नंतर? चिंच म्हणजे नक्की काय? मी अर्धा तास चिंच समजावत होते. शेवटी ते म्हणाले, हा प्रयोग उत्तम आहे, फक्त तो आपला नाही.

निर्णय व्हायचा तोच झाला. खाडीकाठी पट्ट्या पुन्हा टांगायच्या, आणखी एक वर्ष. जानेवारीत पोलंडला दुसरा जाईल. मी मान डोलावली. पडदा बंद झाल्यावर मॅडमनी मला मासळीबाजारात नेलं आणि निवट्या दाखवल्या. चिखलावर चालणारा मासा. नागपूरच्या मुलीला हसवायला तो पुरेसा होता.

पुन्हा खाडीकाठी

नव्या पट्ट्या घेऊन मी चार दिवसांनी भागीमावशींकडे गेले. न जेवता उठल्याबद्दल माफी मागितली. "बोंबलाचा राग नव्ता ना? मंग झाला," त्या म्हणाल्या. मी पिशवी उघडली आणि या वेळी एकेक शब्द तोलून सांगितलं. हात लावायचा नाही. तेल नाही, पाणी नाही, हळदकुंकू नाही. पावसात भिजू द्यायच्या. लाल झाल्या, पापुद्रे निघाले, तरी बघायचं सुद्धा नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाय जमायचा."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चुकलं.

"माज्या गच्चीवर, माज्या डोल्यांसमोर लोखंड सडतंय आनी मी कापडं वालत घालाची? आज हो बोलेन, आवस आली का हात जाईल. तुला परत खोटा पाडायचा नाय मला. माज्याकडं नको लावू."

एवढा प्रामाणिक नकार मला आजवर कोणत्याच समितीने दिलेला नाही. दुसरी कुठली गच्ची सुचते का, विचारलं. खाडीच्या तोंडावर हवी आणि जिथे कोणी काही पुसणार नाही अशी. मावशी चपला घालून निघाल्या. मी मागे.

गावाच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून एक दुमजली बंगला होता. कधीतरी मोठ्या हौसेने बांधलेला, पुढे खांब, वर मोर. सगळी दारं बंद.

"माज्या मोठ्या पोराचा," मावशी म्हणाल्या. "जमिनीच्या वाटनीवरशी बोलना बंद झाला. तो खारघरला ऱ्हातो. चावी हाय माज्याकडं, पन मी येत नाय." मागून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना त्यांनी हाताने दाखवला. "जा वर. लाव काय लावाची ती. हितं कोन पुसाला येनार?"

त्या फाटकाबाहेर थांबल्या. मी वर गेले. जागा अशी होती की प्रयोगासाठी याहून चांगली मिळाली नसती. वारा सरळ खाडीवरून येत होता, आडोसा नाही, सावली नाही. चौकट बसवली, पट्ट्या टांगल्या, क्रमांक तपासले. आठवड्याभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

खाली आले तर मावशी फाटकाच्या आत होत्या. पुढच्या ओट्याच्या ग्रिलसमोर उभ्या. नक्षीचं महागडं ग्रिल, ते पार गेलं होतं. रंग सुटून पापुद्रे आलेले, खालच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ. मावशींनी एका गजावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या.

"एवरा गंज चरला?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

"लग्नात बसवला व्हता त्याच्या."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, आणि तो खाडीपलीकडे पोचणारा आवाज इतका खाली आला होता की मला पुढे व्हावं लागलं. "तुज्या पट्ट्यांना हात नाय लावत, आईशपत. पन ह्या ग्रिल पुसला तर चालंल का गो तुज्या शिकनीला?"

मी गच्चीकडे पाहिलं. चौकट कुठे, ग्रिल कुठे, वारा कुठून. तिन्ही विद्यापीठांच्या वतीने मी म्हटलं, "चालेल."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या तेल आणायला निघाल्या होत्या.